चाकाच्या आतलं तेल

बस आगारात तिला सगळे ‘पाणीवाली’ म्हणत. सव्वीस वर्षं तिने गाड्या धुतल्या. नोकरी धाकट्या दिराने लावून दिली होती. तो तिथेच दुरुस्ती विभागाचा फोरमन होता.

गाडी धुणाऱ्याला जे दिसतं ते चालवणाऱ्याला दिसत नाही. एकदा तीन गाड्यांच्या मागच्या चाकांना आतून तेलाचे ओघळ दिसले. धुऊन काढले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ब्रेकचं तेल गळतंय, असं तिने दिराला सांगितलं.

“वहिनी, तुम्ही गाड्या धुवा. ब्रेकचं मी बघतो.”

त्याने बघितलं नाही. तपासणी झाल्याची सही मात्र रोज वहीत पडत होती. सुटे भाग मिळत नव्हते आणि वरून गाड्या सोडायचा तगादा. दिराचं अडकित्त्यात सापडल्यासारखं झालं होतं. हे तिला कळत होतं, म्हणून तिने चार दिवस कळ काढली.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने कपडे बदलायच्या खोलीतल्या कागदावरचा नंबर फिरवला. सुरक्षेची शंका कळवा, नाव गुप्त राहील, असं त्यावर लिहिलं होतं. फोनवरच्या बाईंना तिने गाड्यांचे नंबर दिले.

“नाव तुम्ही गुप्त ठेवाल हो,” ती म्हणाली, “पण चाकाच्या आतलं तेल धुणारीशिवाय कुणाला दिसणार? आणि फोरमन माझा सख्खा दीर आहे.”

बाईंनी गाड्यांचे नंबर पुन्हा एकदा विचारून घेतले. मग बाई म्हणाल्या, “त्या तीन गाड्या कागदपत्रांच्या निमित्ताने आजच थांबवते. बाकीचं माझ्यावर सोडा.”

त्याच आठवड्यात शहरातल्या चारही आगारांवर एकदम तपासणी आली. एकूण अकरा गाड्या बंद झाल्या. दिराची बदली भांडारात झाली.

रविवारी तो भावाकडे आला. “खरं सांगू वहिनी, आधी तुमच्यावरच संशय आला. पण चारही आगारं तपासली म्हणजे कुणीतरी वरचाच असणार.”

“पण तेल गळत होतं ना?” तिच्या नवऱ्याने विचारलं.

“गळत होतं,” दीर म्हणाला आणि खाली बघत राहिला.

तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पण त्या दिवसापासून दीर घरी आला की तिला घास गोड लागत नसे.

निवृत्त झाल्यावर तिने स्वतःच त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

“मला अजून एकदा सांगायचं होतंत, वहिनी.”

“सांगितलं असतं, भाऊजी. तुम्ही काय केलं असतंत?”

त्याने बराच विचार केला. “सही केली असती,” तो म्हणाला.

पुढे तीन महिने तो फिरकला नाही. मग एका सकाळी आला, भावाशी गुडघेदुखीबद्दल बोलत बसला, आणि निघताना वहिनीला म्हणाला, “येतो.”