चिंच-मिठानं घासलेली डिस्क

डिस्क हातात घेतली आणि आधी तिचा वास घेतला. माझ्या धंद्यात वास घ्यायची वेळ येत नाही. पण या डिस्कला चक्क चिंचेचा वास येत होता.

"कशानं पुसली?"

"कापडानं," आण्णा म्हणाले.

"कापडाला काय लावलं होतं?"

"कापडाला काय लावायचं? कापडच की."

आण्णा म्हणजे आमच्या भागातल्या एका तालीम मंडळाचे अध्यक्ष. साठीच्या आसपासचे, आवाज मैदानावरचा. त्यांच्याबरोबर पिंट्या होता. तिशीचा, दूध संघात नोकरीला, घरी बायको-पोरं, आणि व्हिडिओ गेमच्या फुटबॉलमध्ये मंडळाचा पहिला खेळाडू. तो काउंटरच्या काचेकडे बघत हसू दाबत होता.

माझं दुकान गेमच्या डिस्क आणि कन्सोल दुरुस्तीचं. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा. पूर्वी मी सीडी भाड्यानं द्यायचे, तेव्हापासून ओरखडे काढते. हल्ली बहुतेक जण गेम डाउनलोड करतात. तरी ज्यांना पैसे देऊन वस्तू हातात लागते, अशी माणसं कोल्हापुरात भरपूर आहेत, म्हणून दुकान चालतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ठरलेले प्रश्न विचारते. काय बिघडलं, कधीपासून, डिस्क कुठं ठेवता, कशानं पुसता. बाकीची उत्तरं खरी मिळतात. शेवटच्याला सगळे खोटं बोलतात.

डिस्क उजेडात तिरकी धरली. ओरखडे दोन जातीचे असतात. मधल्या भोकाकडून कडेला जाणारा सरळ ओरखडा परवडतो. डिस्क फिरत असते आणि लेझर गोल गोल वाचत जातो, त्यामुळे असा ओरखडा म्हणजे रस्ता ओलांडणारी म्हैस. क्षणभर थांबायचं, पुढं जायचं. गोल ओरखडा म्हणजे त्याच रस्त्यानं आपल्या पुढं निवांत चालणारी म्हैस. कितीही हॉर्न द्या. म्हणून डिस्क कधीही गोल पुसू नये, मधून कडेला सरळ पुसावी.

आण्णांच्या डिस्कवर सगळे ओरखडे गोल होते. ताट घासल्यासारखे.

"आण्णा, खरं सांगितलं तर काम लवकर होतं."

पिंट्याला आता राहवेना. "मॅडम, खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असती. दांडपट्टा, लेझीम, आखाड्यातलं फावडं. आण्णा म्हणाले, ह्या पोरांचं हत्यार म्हणजे ही डिस्क. तिला पण पाटावर मांडा."

"मग वाईट काय केलं?" आण्णा म्हणाले.

"वाईट कुठं म्हणतोय? चकचकीत बाजू वर करून हळद-कुंकू लावलं. ते निघंना. मग समईबरोबर डिस्क पण चिंच-मिठानं घासली."

"कोणी?"

पिंट्यानं छताकडं पाहिलं.

"अवो, समई कशी लखलखली बघा की येऊन," आण्णा म्हणाले. हाच त्यांचा कबुलीजबाब.

मला हसायला हरकत नव्हती, पण प्रकरण गंभीर होतं. रविवारी त्यांच्या मंडळात फायनल होती, शेजारच्या पेठेतल्या मंडळाशी. मैदानावरचा फुटबॉल वेगळा, हा टीव्हीवरचा. पण ईर्षा तीच. आण्णांच्या मंडळानं लागोपाठ दोन वर्षं ढाल जिंकलेली. तिसऱ्यांदा जिंकली की ढाल कायमची त्यांची. नियम असा की ज्याच्या दारात सामना, त्यानं खेळायची सोय करायची. सोय झाली नाही तर समोरच्याला पुढे चाल, म्हणजे न खेळता विजय. सामना याच जुन्या गेमवर व्हायचा, असंही दोन्ही मंडळांनी भांडून ठरवलेलं. तो गेम आता दुकानात नाही, डाउनलोडलाही नाही. मी पुण्याला आणि बेळगावला ओळखीत फोन लावले. कुणाकडे नव्हता.

"तुमची ती मशीन हाय की," आण्णांनी मागच्या पॉलिश मशीनकडं बोट केलं. "घाला तिच्यात."

"त्यात घातली तर डिस्क कायमची जाईल."

"मग मशीन शोभेला ठेवलीय व्हय?"

सांगावं लागलं. जुन्या सीडीत माहितीचा थर प्लास्टिकच्या खाली खोल असतो. वरचं प्लास्टिक थोडं घासून सपाट केलं की ओरखडा जातो, साल काढल्यासारखा. ही डिस्क ब्ल्यू-रे. हिच्यात माहिती अगदी वरच्या पापुद्र्याखाली असते. त्या पापुद्र्यावर कडक लेप असतो, म्हणून ती सहसा ओरखडत नाही. पण एकदा लेप गेला की घासायला खाली काही उरत नाही. साल काढायला गेलं की गरच निघतो.

"सहसा ओरखडत न्हाय म्हणता, मग आमचीच कशी ओरखडली?"

"जाडं मीठ होतं?"

"खड्याचं," पिंट्या म्हणाला.

"तू गप रं!"

मला करता येण्यासारखं एवढंच होतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून डिस्क बोटांच्या टोकांनी धुतली. मधल्या भोकाच्या कडेला अडकलेलं मीठ आणि कुंकू काढलं. मऊ कापडानं सरळ पुसली. मग पॉलिशचं अगदी सौम्य मलम घेऊन हातानं, मधून कडेला. हे काम घाईचं नाही. आण्णा तोवर खुर्चीवर बसून मला जोर लावायला सांगत होते.

नवा कन्सोल ते बरोबर घेऊन आले होते, अजून हार घातलेला. नगरसेवकांनी मंडळाला भेट दिलेला. हार काढला, डिस्क घातली. स्क्रीनवर गेमचं नाव आलं. पिंट्यानं आण्णांचे पाय धरले. मग गेम डिस्कवरून डब्यात उतरायला लागला आणि निम्म्यावर अडकला. पुन्हा धुतली, पुन्हा पुसली. पुन्हा तिथंच. मग लक्षात आलं. डिस्कच्या आतल्या बाजूला, भोकाजवळ, आण्णांचा हात कमी फिरला होता. तेवढा भाग वाचला जात होता. बाहेरचा भाग गेलेला होता.

"आण्णा, तुमचा जुना कन्सोल कुठाय? ज्याच्यावर दोन वर्षं खेळलात तो?"

पिंट्यानं आण्णांकडं पाहिलं.

"त्याचं काय काम?" आण्णांनी विचारलं.

"त्याच्यात गेम आधीच पूर्ण उतरलेला आहे. तिथं डिस्क म्हणजे नुसतं हॉल तिकीट. दारात दाखवायचं, आत सोडतात. तेवढ्यापुरता आतला भाग पुरेल."

"तो न्हाय."

"बिघडला?"

"दिला," पिंट्या म्हणाला. "दसऱ्याला. नवा आला म्हणून जुना आण्णांनी दाजींच्या मंडळाला भेट दिला. स्टेज घालून. शाल-श्रीफळासकट. भाषणात म्हणाले, तुम्ही पण सराव करा, न्हायतर हरवण्यात मजा न्हाय."

दाजी म्हणजे आण्णांच्या बहिणीचे यजमान, बाबूराव. शेजारच्या पेठेतल्या मंडळाचे अध्यक्ष. म्हणजे रविवारचे पाहुणे.

आता मला आदल्या दिवशी आलेल्या एका फोनचा अर्थ कळला. बाबूरावांनी मला विचारलं होतं, "मॅडम, बिगर डिस्कचा गेम चालतोय का हो?" मी नाही म्हणाले होते. कन्सोल त्यांच्याकडं, डिस्क यांच्याकडं, आणि सरावाची भाषणं दोघांकडं.

"त्यांना फोन करते," मी म्हणाले.

"अजिबात न्हाय! दाजींपुढं हात पसरू? बहिणीच्या घरी जेवायला तोंड राहील का माझं?"

"मग पुढे चाल द्या."

हे मात्र त्यांना सोसेना. पिंट्यानंच फोन लावला. बाबूराव स्कूटरवरून आले, जुना डबा पिशवीत घालून.

"या पावणं," आण्णा दात आवळून म्हणाले.

"आलो की. भेट परत न्यायला बोलावलंय म्हणं?"

"परत कशाला? उसना. रविवारपुरता."

"उसना द्यायला वस्तू आमची झाली न्हवं?" बाबूराव हसले. "देतो. पण सामना आमच्यात. आमचा डबा, आमचं दार."

"आणि डिस्क आमची!"

"ती वाजती का?"

डिस्क जुन्या डब्यात घातली. डबा थोडा कुरकुरला, थांबला, आणि गेम सुरू झाला. मी दोघांनाही सांगितलं, रविवारपर्यंत डिस्क बाहेर काढायची नाही, डबा चालू असताना हलवायचा नाही, आणि पूजा करायची असेल तर डब्याच्या वरून, लांबून, फक्त फुलं. दोघांनी माना डोलावल्या. डबा कुणाकडं राहणार यावर पुन्हा भांडण झालं, म्हणून तो माझ्याच दुकानात राहिला.

रविवारी सामना बाबूरावांच्या दारात झाला. डिस्क शेवटपर्यंत चालली. एकदाही अडकली नाही. आण्णांचं मंडळ एका गोलनं हरलं. शेवटच्या मिनिटाला पिंट्यानं पेनल्टी बाहेर मारली.

सोमवारी दुकान उघडतानाच आण्णा हजर. "मॅडम, एक चिठ्ठी द्या. डिस्क खराब असल्यामुळं चेंडूची दिशा बदलली, असं लिहून. सामना परत घ्यायला लावतो."

"आण्णा, खराब डिस्क गेम बंद पाडते. चेंडू वाकडा मारत नाही. तो पिंट्यानं मारला."

"एवढं मोठं दुकान घालून बसलाय, आणि साधी चिठ्ठी न्हाय देता येत?"

नाही दिली. धुण्याचे आणि पॉलिशचे पैसे मात्र त्यांनी चोख दिले, आणि ते पिंट्याकडून वसूल केले नाहीत, हेही जाताना ऐकवलं. माझ्या कामापुरता धडा असा, की डिस्क दुरुस्तीला आली की आता मी एक प्रश्न जास्त विचारते. हिचा डबा सध्या कुणाच्या घरी आहे? या प्रश्नालाही लोक खोटं बोलतात, पण बोलताना थोडे थांबतात. तेवढ्यात कळतं.