देशकरकाकांचा उजवा कान

"पंखा बंद करा आधी." देशकरकाकांच्या मागच्या व्हरांड्यात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत या चार शब्दांनी होई. मग मे महिना असो, नाहीतर पाहुणा कलेक्टर असो. वडिलांच्या माघारी माळ्यावर सापडलेली गॅसबत्ती घेऊन मी जबलपूरच्या मदन महल भागातल्या त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा घामाने निथळत उभी होते आणि या माणसाच्या दारात पुन्हा यायचं नाही असं मनाशी ठरवत होते. पुढे शाळेत शिकवून घरी जाताना रोज संध्याकाळी तिथेच थांबू लागले.

काकांनी माझी बत्ती पाहिली कमी आणि ऐकली जास्त. स्पिरिट जाळून तिचं डोकं तापवलं, पंप मारून टाकीत हवा भरली, जाळी पांढरी झाली आणि मग त्यांनी मान वाकडी करून उजवा कान तिच्याजवळ नेला. चांगली बत्ती एकसारखी सूंऽऽ करत जळते. माझी मात्र दमेकऱ्यासारखी अडखळत होती.

"बिघडली का हो?" मी विचारलं.

"बिघडलं काही नाही. अडकलंय. निपलमध्ये, तेलाच्या बारीक भोकात, कचरा आहे, बस."

हे त्यांचं आवडतं निदान होतं, आणि ते बत्तीपुरतं राहत नसे. नळाला पाणी नाही, सूनबाईच्या बहिणीचं लग्न जमत नाही, मुलाचं प्रमोशन रखडलंय, सगळ्यांना एकच उत्तर मिळे, "बिघडलं काही नाही, अडकलंय." कधीकधी फार राग येई. पण घरी जाताना जीव थोडा हलका झालेला असे, हेही खरं.

काका काही जन्मजात कारागीर नव्हेत. नोकरी सारी एका फॅक्टरीच्या हिशेब खात्यात गेली, हातात स्क्रूड्रायव्हर कधी धरला नाही. निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात लुडबुड करू लागले म्हणून काकूंनी त्यांना व्हरांड्यात पिटाळलं आणि तिथे काकूंच्या वडिलांची जुनी बत्ती त्यांच्या हाती लागली. काकू गेल्या, बत्त्या वाढत राहिल्या. सिविल लाइंसमधल्या बंगल्यांतून लोक येत, पाटनचा एक मंडपवाला गाडी भरून बत्त्या आणी. नम्रता हा प्रकार काकांना ठाऊक नव्हता. "पूरे जबलपुरात असा कान नाही," असं ते स्वतःच सांगून टाकत. चिंच लावून पितळेची टाकी सोन्यासारखी करत, पण तिच्यावर कुणाचं नाव कोरलेलं असलं की तेवढी जागा काळीच ठेवत. "घासून घासून माणूसच निघून जाईल ना," म्हणत.

अशा माणसाने मागच्या हिवाळ्यात मला पंखा बंद करायला सांगितलं नाही.

हिवाळ्यात पंखा बंदच असतो, म्हणून माझ्याही ते लक्षात आलं नाही. होळी झाली, पंखे सुरू झाले, तरी काका गप्पच. डोक्यावर पंखा खडखडतोय आणि हे खुशाल बत्तीला कान लावून बसलेत! मग टीव्ही गल्लीला ऐकू येईल इतका मोठा झाला. मुलगा सुहास आणि सून मीनल ओरडून बोलू लागले. वय झालं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

आणि एका संध्याकाळी मंडपवाल्याची बत्ती पेटवताना काका पंप मारतच राहिले. आवाज येत नाही म्हणजे हवा कमी, एवढंच त्यांना कळत होतं. टाकीचा झाळलेला जोड फुसफुसत सुटला, तो आम्हाला आतल्या खोलीत ऐकू आला, त्यांना नाही. रॉकेलची चिळकांडी उडाली आणि भडका झाला. सुहासने धावत जाऊन ओलं पोतं टाकलं. काकांच्या भुवया तेवढ्या जळाल्या.

सुहासने दुसऱ्या दिवशी साऱ्या बत्त्या पोत्यांत भरून फाटकाशी ठेवल्या. रविवारी भंगारवाला येणार होता. मला तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, मला बत्तीचा राग नाही. बाबा जळाले असते तर मी काय केलं असतं?"

काका व्हरांड्यात रिकाम्या टेबलासमोर बसून होते. जेवण अर्धं टाकून उठत. मी कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की भडकत. एकदा मात्र मला जवळ बोलावून म्हणाले, "तो मशीन लावून देईल. मशीनमधून बत्ती ऐकू का मी? त्यापेक्षा न्या ते पोतं. मलेही न्या."

मला संताप आला आणि रडूही. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी शाळेतल्या आवाजात ओरडले, "निपल न खोलता तुम्ही बत्ती भंगारात टाकता का हो कधी?"

काका उठले आणि टोपी शोधू लागले.

शनिवारी सकाळी डॉक्टरने उजव्या कानात दिवा मारला, चिमटा घातला आणि काळी, चिकट, बोराएवढी गोळी बाहेर काढली. "अंकल, ये क्या पाल रखा था?" तो कापूस होता! पंपाचं चामडी वॉशर काका ज्या कोमट तेलात मऊ करत, तेच तेल थंडीत कानात घालत आणि वर कापसाचा बोळा दाबत. जुना बोळा आत सरकला की त्यावर नवा. डावा कान मळाने भरला होता, तोही डॉक्टरने धुऊन काढला. काकांनी ती गोळी बोटावर घेऊन उजेडात धरली, नीट निरखली आणि तज्ज्ञासारखी मान हलवली.

"बिघडलं काही नव्हतं," ते म्हणाले आणि रडायला लागले. मीही रडले. डॉक्टर बिचारा बावरला.

फाटकाशी सुहास वाटच बघत होता. "काय म्हणाले डॉक्टर?" तो सवयीने किंचाळला.

काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "ओरडून काहून राहिला बे? मोहल्ल्याला सांगायचं आहे का?"

सुहास माझ्याकडे बघायला लागला. मग पाठ फिरवून अगदी हळू म्हणाला, "बाबा, चहा घेता?"

"अर्धा कप. अद्रक टाकून."

तो मटकन पोत्यावरच बसला. किती महिन्यांत बाप-लेक एवढ्या साध्या आवाजात बोलले नव्हते. मग त्याने स्वतःच पोत्याचं तोंड सोडलं.

दिवेलागणीला टेबलावर सासऱ्यांची बत्ती आली. काकांनी जोड तपासले, सुहासने पंप मारला, जाळी पांढरी झाली. मीनलही येऊन उभी राहिली. काकांनी मान वाकडी केली, कान जवळ नेला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काय झालं बाबा?" सुहासचा आवाज चिरकला. "पुन्हा ऐकू येत नाही का?"

"ऐकू येऊन राहिलं ना सगळं!" काका वर बघून खेकसले. "तो पंखा कोण बंद करेल?"

मी, सुहास आणि मीनल, तिघंही एकदमच बटणाकडे धावलो.