दशमीला साडेसातची भरती

दुपारचं जेवण झालं की मी सोफ्यावर आडवी होते आणि डोळा लागायच्या आत स्वतःशी भांडून घेते. आजही तेच चाललंय. खालून रद्दीवाल्याची हाक येते, मग ती लांब लांब जाते, मग ती रद्दीवाल्याची राहतच नाही. कोणीतरी पाण्यावरून हाक मारतंय.

आमचे हे माझ्या पायाशी बसलेत. सुहास, माझा नवरा. पौषात गेले, आठ महिने झाले. मांडीवर कोकण किनाऱ्याचा नकाशा उलगडलाय आणि त्याचं एक टोक सोफ्यावर आलंय.

"शैले, पाय काढ जरा. जयगड तुझ्या टाचेखाली गेलंय."

मी पाय काढून घेते. रडू येतं, पण ते गिळते, कारण यांना रडलेलं खपत नाही, सरळ उठून जातात. आत्ता उठून गेले तर मी काय करू?

सांगलीच्या तंत्रनिकेतनात यांनी एकतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, पण माणूस मूळचा दाभोळचा. शिडाच्या होडीतून चार दिवस, दाभोळहून जयगडला आणि परत, इंजिनाला हात न लावता. आयुष्यात एवढी एकच सुट्टी त्यांना हवी होती. दरवर्षी बेत आखायचे आणि दरवर्षी मी तो मोडायचे. मुलीची दहावी, सासूबाईंचा गुडघा, घराचा रंग, माझ्याकडे कारणांना कधी तोटा नव्हता. गेल्या वर्षी तर सगळं ठरलं होतं. होडी काशिराम जांभारकरची, बुधवारी निघायचं, शनिवारी परत. नेमका मध्ये मार्गशीर्षातला गुरुवार. मी म्हटलं, महालक्ष्मीची पूजा मोडायची नाही, तुमच्याच तब्येतीसाठी करतेय ना, पुढच्या वर्षी नक्की जाऊ. यांनी निमूटपणे काशिरामला नको म्हणून कळवलं. महिन्याभरात गेले. माझ्याइतकी मूर्ख बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

"तिथी सांग," हे म्हणतात.

"मार्गशीर्षातली दशमी."

"पाऊणपट कर."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. "साडेसात," मी म्हणते.

"शाब्बास. साडेसातला भरती पूर्ण. मग ओहोटी लागली की तिच्याबरोबर खाडीतून बाहेर. पाठीशी मतलई. सकाळचा जमिनीवरचा वारा गं, होडीला आपोआप समुद्रात नेतो."

आम्ही ड्रॉइंगच्या वर्गात आहोत. ओळीनं बोर्ड लावलेत, मुलं नाहीत, फरशीवर घोट्याएवढं पाणी आहे. त्याला खाडीचा वास येतोय. वर्गाच्या टोकाला माझा ओटा आहे आणि त्यावर दूध वर येतंय. येऊ दे. हे टी-स्क्वेअर धरून शीड आखताहेत, एकेक रेघ, जीव तोडून.

"यंदा जाऊ," मी म्हणते. "तुम्ही फक्त हो म्हणा."

"बघू. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी नको हो!"

"अगं, यंदा दशमी गुरुवारीच येतेय. तुझी पूजा असेल."

"यंदा माझे गुरुवार नाहीत."

"का?"

पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघतात. त्यांना खरंच माहीत नाहीये. घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे वर्षभर सण नाही, व्रत नाही. ते माणूस कोण, हे मी यांना कोणत्या तोंडानं सांगू? सांगितलं तर हा वर्गही जाईल, हा बोर्डही जाईल, हे तर जातीलच.

"असंच," मी म्हणते. "कंटाळा आला."

"तुला? गुरुवारचा?" हसतात. "काहीतरी लपवतेयस."

पाणी गुडघ्यापर्यंत आलंय. भिंत नाही, तिथे दाभोळचा धक्का आहे आणि धक्क्यापलीकडे काशिराम शीड चढवतोय. हे रबरानं रेघ पुसून पुन्हा काढताहेत. मी त्यांचा हात धरते. हात उबदार आहे, आणि मी सगळं बळ लावूनही तो हलत नाही.

"उठा ना. तुमच्या पाया पडते."

"एवढी घाई कसली?"

पाणी उतरायला लागतं. मला ते पोटऱ्यांवर कळतं, आधी हळू, मग ओढ लागते. होडी वळते. यांचं अजून शीडच आखून झालेलं नाही. माझा जीव नुसता तडफडतो, मी पाण्यात धावते आणि घसा फाटेस्तोवर ओरडते, "काशिराम, थांबा! दशमी! साडेसात! आम्ही दोघं आहोत, दोघं!"

"सावकाश, शैले," मागून आवाज येतो. "पडशील."

मी मागे वळते तर समोर टीव्ही, बंद. मी सोफ्यावर बसलेली आहे, घसा दुखतोय आणि कानाला लावलेला मोबाईल गरम झालाय. काढून बघते तर त्याच्या पडद्यावर नाव, काशिराम जांभारकर. झोपेत मीच लावलेला फोन, चार मिनिटं दहा सेकंद बोलणं झालेलं. मी बघत असतानाच तो वाजतो.

"वैनी, मगाशी फोन कटला," काशिराम म्हणतो. "पण आयकलं मी सगळं. दशमी, साडेसात, दोगं. होडी तयार ठेवतो. जरा सरांना द्या ना. शीड नवीन शिवलंय, त्यांना सांगायचंय."

हे गेल्याचं मला आजवर कोणाला सांगावंच लागलं नव्हतं. नातेवाइकांना मुलीनं कळवलं, कॉलेजात शेजाऱ्यांनी. दाभोळला कळवायचं कोणालाच सुचलं नाही.

"काशिराम," मी म्हणते, "सर पौषात गेले."

काशिराम अगदी हळू म्हणतो, "मग ऱ्हाऊ द्या वैनी. पुढच्या वर्षी बगू."

"नाही!" मी ओरडते, आणि आता रडू थांबवत नाही. "पुढच्या वर्षी नाही. ह्याच दशमीला. एक माणूस."