बेडोकची वहिनी आणि क्वेकर लोकांचं थँक्यू

शुद्धलेखनाच्या चुका काढू नका, आधीच सॉरी. शाळा नववीत सोडली आणि मोबाईलवर एका बोटाने टाईप करतेय, त्यामुळे हे लिहायला चार दिवस लागले.

मे महिन्यात दादाने तिकीट पाठवलं. तो सिंगापूरला आयटीत आहे, बेडोकला फ्लॅट. एअरपोर्टवरून जवळच, एमआरटी म्हणजे तिथली मेट्रो, ती एकदा बदलावी लागते. जेवायला खाली हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे बरेच स्टॉल. शाकाहारी असाल तर आधी विचारा, भाजीतसुद्धा सुकी कोळंबी असते.

वहिनीने रजा टाकून मला झू, बोट, सगळं फिरवलं. मी मान हलवायचे. एका संध्याकाळी दादा हळूच म्हणाला, "अगं, तिला एकदा थँक्यू म्हण ना. तिला वाटतंय तुला काहीच आवडलं नाही."

आमच्याकडे घरच्यांना थँक्यू कोण म्हणतं? तोंडातून निघेचना. मग वहिनी पण कमी बोलायला लागली.

वरच्या मजल्यावर मेई राहते, साठीची चिनी बाई. आँटी म्हणलं तर म्हणाली, "नुसतं मेई म्हण." ती क्वेकर आहे, म्हणजे ख्रिश्चनांतलाच एक पंथ. रविवारी म्हणाली, "येतेस? आमच्याकडे फारसं कुणी बोलत नाही." मी लगेच चप्पल घातली.

एक खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या. पाद्री नाही, गाणी नाहीत, तासभर शांत. मध्येच एक आजोबा उठले. "काल लिफ्ट बंद होती. शेजाऱ्याने माझा तांदूळ वर आणून दिला," एवढंच बोलून बसले. टाळ्या नाहीत, काही नाही.

परतताना बसमध्ये मेईला मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, "तुम्ही लोक थँक्यू म्हणत नाही?"

"म्हणतो की. पण आधी गप्प बसून बघतो, खरंच कशाबद्दल वाटतंय. खोटं बोलायचं नसतं ना." मला समजलं ते असं.

मी पण बघितलं. झूबद्दल फारसं काही वाटत नव्हतं. दुसरंच आठवलं.

निघायच्या दिवशी एअरपोर्टवर वहिनी माझी ट्रॉली ढकलत होती. म्हणलं, "वहिनी, तुझ्याकडे येणारे मी कितवीत आहे विचारायचे ना, तेव्हा तू दर वेळी विषय बदललास. ते मला..." पुढे जमलं नाही.

वहिनी थांबली. "आणि मी समजत होते हिचं लक्षच नसतं!" मग नाक पुसून म्हणाली, "चल, बाटली भरून घे. विमानात पाणी मागायला लाजशील."

घरी येऊन महिना झाला. जेवायच्या आधी मी थोडी गप्प बसते. आई म्हणते, "काय गं, भाजी आवडली नाही का?" मग आवडली असेल तर सांगावंच लागतं.

अरे हो, आमच्या गच्चीवरच्या टाकीत मांजर पडलं होतं. काढलं. जिवंत आहे.