वाढत्या मापाची पेटी

माझ्या बहिणीच्या रुखवतात सगळ्यात जड वस्तू माझी होती, आणि ती मी दिलेली नव्हती.

गोष्ट नव्वद सालानंतरची. साताऱ्यातल्या एका ऑर्केस्ट्रात मी बेस गिटार वाजवायचो. बेस म्हणजे लांब दांड्याची, चार जाड तारांची गिटार. ती बंद पडली की लोकांना काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. (चालू असते तेव्हा तर कुणालाच ऐकू येत नाही.) आमचे वडील, तात्या, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. गिटार पहिल्यांदा बघितली तेव्हा त्यांनी तारा मोजल्या.

"चारच? गिटारीला सा असत्यात."

"बेसला चारच असतात, तात्या."

"मग दुकानदार ऱ्हायलेल्या दोन कवा देतोय?"

यापलीकडे त्यांनी माझ्या वाजवण्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. दोन-तीनदा कार्यक्रमाला आले, पुढच्या रांगेत ताठ बसले आणि घरी येऊन म्हणाले, "तू हलत होतास. आवाज काय आला न्हाई."

तात्यांचं सोडा, आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांनाही तीच शंका यायला लागली होती. मालकांना सगळे मास्तर म्हणायचे. एके दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "गड्या, कीबोर्डवाल्याचा डावा हात रिकामाच असतो. बेस तो वाजवतो म्हणतोय. तू त्याच्यापेक्षा येगळं काय करतोस ते सांगलीच्या कार्यक्रमात दाखव. न्हाईतर मग बघू."

म्हणजे माझी नोकरी आता एका माणसाच्या डाव्या हातात होती. मी पुण्याला जाऊन तीन पेडलं आणली. पेडल म्हणजे साबणाच्या वडीएवढी लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यातून न्यायची, पायानं दाबायची, की आवाज कधी घोगरा, कधी ओला, कधी घुमणारा होतो. पण डब्या स्टेजवर सुट्या ठेवल्या की सरकायच्या. एकदा तर आमच्या गायिकाबाई ऐन तानेत एकीला अडखळल्या आणि तान भलत्याच गावाला गेली. तेव्हा तीन डब्या बसतील एवढी पाटासारखी फळी हवी, असं मी तात्यांजवळ बोललो. इथं चुकलं.

तात्या पूल बांधणाऱ्या पलटणीतले. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.

"किती हायत पेडलं?"

"तीन."

"पुढं वाढतील."

"कदाचित."

या 'कदाचित'नं माझा घात केला. आमच्या घरात मापाची वस्तू कधी आलीच नाही. शाळेचा शर्ट गुडघ्यापर्यंत, बुटात कापसाचे बोळे, आणि चौथीत शिवलेली खाकी चड्डी मला बरोबर बसली ती सातवीत. पोर वाढतं, कापड वाढत नाही, हा आमच्या घरचा कायदा.

तीन आठवड्यांनी तात्यांनी अंगणातल्या वस्तूवरचं गोणपाट ओढलं. मोडीतल्या सागवानाची पेटी. साडेपाच फूट लांब, अडीच फूट रुंद. वर कुलपाचं झाकण, मागं वायरी काढायला सरकती फळी, दोन्ही टोकांना दोन-दोन पितळी कड्या. आत एका कोपऱ्यात माझी तीन पेडलं नटबोल्टनं आवळलेली, बिचारी एस.टी. स्टँडवर चुकलेल्या पोरांसारखी दिसत होती.

"तात्या, ही उचलायची कशी?"

"चार कड्या, चार माणसं."

"पण बेसवाला मी एकटाच असतो."

"मग तीन दोस्त कर."

मी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्या माणसानं आठ दिवस हातानं पॉलिश घासलं होतं. बोटं तांबडी झाली होती. माझ्या गिटारला कधी बरं म्हणाले नाहीत आणि तिच्यासाठी हे. मला भरून आलं. मी नुसतं 'छान झालीय' म्हणालो.

मग तात्यांनी ब्रश घेतला आणि फौजेतल्या प्रत्येक ट्रंकेवर घालत आले तसं पांढऱ्या रंगात, ठळक अक्षरांत, झाकणावर स्वतःचं नाव घातलं. हुद्द्यासकट.

त्याच रविवारी साताऱ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुनीचं लग्न होतं. नवरा सांगलीजवळचा, ऊसवाला, चांगला मुलगा. रिसेप्शनला आमचाच ऑर्केस्ट्रा. कार्यक्रम संपल्यावर मी पेटीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि सुनीला निरोप द्यायला गेलो. सगळे रडत होतो. तेवढ्यात व्याह्यांची माणसं रुखवत टेम्पोत भरत होती. हंडे, ताटं, समया, सगळ्यांवर वधूपित्याचं नाव कोरलेलं. पेटीवरही वधूपित्याचं नाव, तेही सगळ्यात मोठं. चार कड्या, चार माणसं. पेटी गेली.

घरी आल्यावर मी कपाळाला हात लावला. तात्या शांत होते. "मंगळवारी सत्यनारायणाला सांगलीला जायचंच हाय. तुझा कार्यक्रमबी तिथंच संध्याकाळी. पेटी घ्यायची आन् जायचं."

मंगळवारी सुनीच्या सासरी पोचलो. ओसरीवर पूजा मांडलेली. सुंदर चौरंग, चारी कोपऱ्यांच्या पितळी कड्यांना केळीचे खांब बांधलेले. वर कलश, नारळ, बाळकृष्ण, शिऱ्याचा मोठा टोप. आणि झालरीच्या खालून डोकावणारं पांढरं अक्षर: 'सुभेदार'.

विहीणबाईंनी आमचं स्वागत केलं ते पेटीकडं बोट करूनच. "आवं सुभेदारसायेब, काय चौरंग दिलाय! केळी बांधाय कड्यासुदीक! किल्ली तेवढी द्यायची ऱ्हायली बगा."

माझा हात खिशावर गेला. तेवढ्यात सुनीनं मला खांबाआड ओढलं. डोळे भरलेले.

"दादा, पेटी मागू नकोस. पहिल्याच दिवशी थोरल्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'माहेरनं एवढंच आलं व्हय?' आणि तेवढ्यात टेम्पोतनं पेटी उतरली. त्यानंतर कुणी तोंड उघडलं नाही. पाया पडते तुझ्या."

"अगं, आत माझी पेडलं आहेत! संध्याकाळी ती नसली तर मास्तर मला काढून टाकतील."

"पूजेनंतर काढ की गुपचूप."

नेमके तेव्हाच भटजी यजमानांना सांगत होते, "पूजा उद्या सकाळपर्यंत हलवायची नाही हो."

झालं! झाकणावर साक्षात सत्यनारायण. आता बहिणीची इज्जत राखायची की नोकरी, या विचारात मी असताना तात्या माझ्या कानाशी पुटपुटले, "मागची फळी."

आरती सुरू झाली. सगळे टाळ्या वाजवत पुढं झाले आणि मी पेटी आणि भिंत यांच्यातल्या हातभर जागेत पालथा झालो. फळी सरकवली, हात आत घातला. नट हलेना. खाली एक नट, त्यावर वॉशर, त्यावर आणखी एक नट. पूल पडू नये म्हणून तात्या जे शिकले होते, ते सगळं त्यांनी इथं लावलं होतं. इतक्यात शेजारी धप्प आवाज झाला. तात्या आडवे पडले होते. तात्या चष्मा विसरतील, पण खिशातला दहा नंबरचा पाना विसरणार नाहीत.

"डावीकडं फिरव. घाई करू नगंस," सुभेदार म्हणाले.

एक पेडल सुटलं. आरती संपत आली. मी झालरीखालून वर बघितलं. सुनी माझ्याकडंच बघत होती. तिनं लगेच दुसरी आरती धरली. मग तिसरी. भटजींनी घड्याळ बघितलं. पाहुण्यांचे डोळे शिऱ्यावर. दुसरं पेडल सुटलं. समोरून विहीणबाईंचा भारावलेला आवाज आला, "बगा, बाप-ल्योक कसं साष्टांग पडल्यात. त्येबी मागल्या बाजूनं. किती ती भक्ती!"

तिसरा नट हटून बसला. तात्यांनी दोन्ही हातांनी पाना धरला, भिंतीला पाय लावला आणि हिसका दिला. पेटी हादरली, कलश हादरला, नारळ डुलला. टाळ्या थांबल्या. आणि कलशावरचं जास्वंदीचं फूल टपकन उजव्या बाजूला पडलं.



"उजवा कौल!" विहीणबाई ओरडल्या आणि त्यांनी सुनीला कवेत घेतलं. "देवानं कौल दिला गं बाय! लक्ष्मीच्या पायानं आलीस." थोरल्या जाऊबाईही खाली वाकून नमस्कार करत होत्या. सुनी रडत होती आणि हसत होती. मीही पेटीच्या मागं, धुळीत पडल्या पडल्या डोळे पुसले.

पुढच्याच वाक्यात विहीणबाईंनी माझा निकाल लावला. "आता ह्यो चौरंग ह्या घरातनं कवाच हलायचा न्हाई."

तिसरं पेडल आत राहिलं. मी दोन पेडलं शर्टात लपवून, पोटाला हात धरून बाहेर पडलो. (शिरा बाधला असं सगळ्यांना वाटलं.) जाताना सुनीनं हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. स्वयंपाकघरातला पाट होता. मी मूळ मागितलेल्या मापाचा.

संध्याकाळी स्टेजवर पाट मांडला, त्यावर पेडलं ठेवली आणि वायरी शोधायला लागलो. पेडलं एकमेकांना जोडायच्या वीतभर वायरी पेटीतच राहिल्या होत्या. आता करतो काय? गिटारची वायर सरळ ॲम्प्लिफायरला लावली आणि तीन तास न जोडलेल्या पेडलांवर मोठ्या ऐटीत पाय आपटत राहिलो.

कार्यक्रम संपल्यावर मास्तरांनी पाठ थोपटली. "ह्याला म्हणायचं बेस! पेडलांनी काय फरक पडतो बघ. राहा तू."

तात्या पुढच्याच रांगेत होते. ते उठले, माझ्याजवळ आले, घसा साफ केला. "आज आवाज आला," म्हणाले.

खरं काय ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्या माणसानं माझ्यासाठी देवाच्या मागं लोळण घेतली होती.

पेटी अजून सुनीच्या ओसरीवर आहे. किल्ली मी दुसऱ्या दिवशी देऊन टाकली. आत गोधड्या ठेवतात, आणि तळाशी घट्ट बसलेलं ते पेडल म्हणजे गोधड्या सरकू नयेत म्हणून तात्यांनी केलेली सोय, असं सुनीनं सांगून ठेवलंय. मी मुक्कामाला गेलो की माझं अंथरूण त्या पेटीवरच घालतात. पुढं पेडलं काही वाढली नाहीत, दोनाची तीन करायचंसुद्धा जमलं नाही. पण तात्यांचा अंदाज चुकला असं कुणी म्हणू नये. साडेपाच फूट बाय अडीच फूट. आता मी तिच्यावर आडवा झालो की बरोब्बर बसतो.