विशाखा राठोड नावाची बाई

आमच्या घरी मांजर आडवं गेलं तर ओरडा मांजराला बसायचा. आई-बाबांनी नवस, अंगारे, गंडेदोरे कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत, आणि माझं सगळं आयुष्य कॉम्प्युटरसमोर गेलेलं. त्यामुळे अशा गूढ अनुभवांच्या सदरात आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं. यात भूत नाही, पिंपळ नाही, अमावस्या नाही. भर दुपारी, वणीच्या बाजारात, शिलाई मशीनच्या दुकानात घडलेली गोष्ट आहे.

बोंडअळीनं कपाशीची पऱ्हाटी खाल्ली त्या वर्षांतली. शेतावर भरवसा उरला नव्हता, म्हणून गावोगावच्या बायका मशीन घ्यायला यायच्या. दुकान जोरात चाललं, तसं भैय्याजींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, दोन सॉफ्टवेअर घेतली. एकात गिऱ्हाइकांची माहिती — नाव, गाव, मोबाईल, कोणतं मशीन. दुसरं ईमेल पाठवणारं — सर्व्हिसिंग कधी, भरतकामाचा क्लास कधी. रोज सकाळी पहिल्यातली माहिती आपोआप दुसऱ्यात जायची. याला म्हणतात सिंक. आणि ते सांभाळायचं काम माझं.

सगळं नीट जायचं... दोन बायका सोडून.

एक विशाखा खोब्रागडे. वणीतच राहायची, शाळेचे गणवेश शिवायची. दुसरी पुष्पा राठोड, मारेगावकडच्या एका बंजारा तांड्यावरची. ईमेल वेगळे, मोबाईल वेगळे, मशीनसुद्धा वेगळं. पण ईमेलच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज सकाळी दोघींची मिळून एकच बाई उगवायची — विशाखा राठोड!

मी ती बाई पुसून दोघींना वेगळं करायची. दुसऱ्या दिवशी ती परत हजर. दोघींची माहिती उडवून नव्यानं भरली. सारखी नावं एकत्र करण्याची सोयच बंद केली. दोन्ही सॉफ्टवेअर तोडून पुन्हा जोडली. एकदा वैतागून पुष्पाच्या जागी नुसतं 'पी. राठोड' लिहिलं. सकाळी बघते तर — विशाखा राठोड.

सपोर्टवाल्या मुलाला फोन करून करून माझा घसा बसला.

"मॅम, ईमेल आयडी वेगळे असतील तर हे होऊच शकत नाही."

"अहो, पण होतंय ना! स्क्रीन दिसतेय ना तुम्हाला?"

"दिसतेय मॅम. पण होऊ शकत नाही."



इकडे घोळ वाढत गेला. पुष्पाचं मशीन लग्नसराईत बंद पडलं आणि मेकॅनिक जाऊन पोचला विशाखाच्या दारात. विशाखा क्लासची वाट बघत बसली. निरोप गेला तांड्यावर. भैय्याजी एरवी शांत माणूस. पण त्या दिवशी म्हणाले, "तुमच्यानं होत नसन त सांगा, दुसरं मानूस पाहतो." डोळ्यांत पाणी आलं माझ्या. चूक माझी असती तर ऐकून घेतलं असतं हो!

आणि मग एका दुपारी दोघी एकदमच दुकानात आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. पुष्पा बिघडलेलं मशीन रिक्षात टाकून आली होती. विशाखा म्हाताऱ्या आईला, गिरजाबाईंना, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घरी नेताना वाटेत भांडायला थांबली होती.

"मॅडम, हे पुष्पा कोन व्हय? तिचे मेल मले काहून येऊन राह्यले?" विशाखानं सुरुवात केली.

"मीच पुष्पा," शेजारून आवाज आला. "अन् माहा मेकॅनिक तुह्या घरी गेलता का?"

"म्या बलावला का त्याले?"

"मंग वापस काहून नाई धाडला? माह्या गिऱ्हाइकाचे लग्नाचे कपडे अडकून पडले ना!"

मी मधे पडून सिंक, सर्व्हर वगैरे समजावत होते. कोणी ऐकत नव्हतं. गिरजाबाई खुर्चीवर बसल्या होत्या, डोळ्यात औषध घातलेलं, नीट दिसतही नव्हतं. म्हाताऱ्या बायका विचारतात तसं त्यांनी मधेच विचारलं, "तू कोनाची वो पोरी? तुह्या मायचं नाव काय?"

पुष्पा रागातच म्हणाली, "याडीचं नाव झमकूबाई. काहून?" तांड्यावर आईला याडी म्हणतात.

गिरजाबाई उठून उभ्या राहिल्या. हात पुढे करून चाचपडत पुष्पाजवळ गेल्या, तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरला. "मारेगावच्या दवाखान्यात झाली का तू?"

"हो... तुमाले कसं मालूम?"

मग त्यांनी सांगितलं. विशाखा झाली ती मूठभर. गिरजाबाई तापानं बेशुद्ध, अंगावर दूध नाही. शेजारच्या खाटेवर तांड्यावरची एक बाळंतीण होती. तिनं आपल्या लेकीबरोबर विशाखालाही पाजलं. गिरजाबाईंना शुद्ध आली तेव्हा ती पाजतच होती. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारायच्या आधी पुन्हा ग्लानी आली. जाग आली तर खाट रिकामी. "लय तांडे पालथे घातले. झमकू कुठं भेटली नाई."

विशाखानं ही गोष्ट लहानपणापासून ऐकली होती. पुष्पानं कधीच नाही. भैय्याजींनी सगळ्यांना चहा मागवला.

रविवारी त्यांच्याबरोबर मीही तांड्यावर गेले. झमकूबाई खाटेवर पडून असायच्या, लेकीलासुद्धा कधी ओळखायच्या, कधी नाही. गिरजाबाई पायथ्याशी बसून रडत होत्या, पण झमकूबाईंचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. पुष्पानं विशाखाला पुढे केलं, आईच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. झमकूबाईंनी विशाखाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या,

"हे जगली?"

एवढंच. पण चेहरा असा उजळला की मी बाहेर येऊन उभी राहिले.

सोमवारी सकाळी सिंक झालं. दोघी वेगवेगळ्या. त्यानंतर कधीच एक झाल्या नाहीत. सपोर्टवाल्यांनी तक्रार 'सोडवली' म्हणून बंद केली, तेव्हा फोन करून विचारलं, नेमकं काय केलंत? "आमच्याकडून काही बदल नाही मॅम. आता प्रॉब्लेम दिसत नाही, म्हणून बंद केली." डोकं आपटून घ्यावंसं वाटलं!

आमच्या फॉर्मवर जन्मतारीख नव्हती, जन्मगाव नव्हतं, आईचं नाव नव्हतं. दवाखान्यातली गोष्ट कुठल्याही मशीनला ठाऊक असायचा संबंधच नव्हता. योगायोग म्हणावं तर एकदा होईल, रोज सकाळी कसा होईल? आजही मी हेच काम करते. असले घोळ सतत येतात आणि शोधलं की कारण सापडतं. याचं नाही सापडलं.

पुढच्या पावसाळ्यात झमकूबाई गेल्या. विशाखानंच मला फोन करून सांगितलं. म्हणाली, "मॅडम, माही याडी गेली."