काचेच्या पेटीतल्या रेघा

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी, नाशिकला इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये, माझ्या थोरल्या बहिणीच्या डाव्या डोळ्याची नजर गेली. उजव्या डोळ्याची मधुमेहाने आधीच गेली होती. त्या वेळी ती एका काचेच्या पेटीसमोर बसली होती आणि मी तिच्या शेजारी होतो. नजर नेमकी केव्हा गेली, हे मात्र ठरवता आलेलं नाही.

ताई कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायची. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं आणि डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. त्याआधी तिला म्युऑनची, म्हणजे आकाशातून सतत येणाऱ्या एका सूक्ष्म कणाची, रेघ बघायची होती. उभी नोकरी ते उदाहरण फळ्यावर काढण्यात गेली, प्रत्यक्षात एकदाही पाहिलं नाही, असं ती म्हणाली.

पेटी म्हणजे माशांची रिकामी टाकी, काळ्या पत्र्यावर उपडी घातलेली. आत वरच्या बाजूला स्पिरिटात भिजवलेलं जाड कापड, पत्र्याखाली ड्राय आइस. स्पिरिटाच्या गार वाफेतून कण गेला की त्याच्या वाटेवर धुक्याची रेघ उमटते. दिंडोरीच्या एका वायनरीत द्राक्षं थंड ठेवायला ड्राय आइस वापरतात. तिथे तिचा जुना विद्यार्थी होता. सकाळी आम्ही त्याच्याकडून थर्माकोलचा खोका आणला. त्या वाफेने गुदमरायला होतं, म्हणून येताना गाडीच्या काचा खाली होत्या.

वाटेत मी विचारलं, "यान प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं की आखडतं म्हणतात. मग आतली माणसं चेपत नाहीत?"

"चेपतात! आणि तू ते पहिल्या पानावर छापतोस." ती हसली. "अरे, आतल्यांना काहीच होत नाही. त्यांचं यान पूर्वीएवढंच असतं. त्यांना बाहेरचा रस्ता आखडलेला दिसतो. दिंडोरी ते नाशिक त्यांच्या हिशोबी चार पावलं."

"आणि खरं कोणाचं?"

"दोघांचं. तुम्हा पेपरवाल्यांना एकच खरं लागतं, ही अडचण."

म्युऑनचं तेच, तिने सांगितलं. तो वर पंधराएक किलोमीटरवर जन्मतो. आयुष्य इतकं थोडं, की काही शे मीटरमध्ये संपायला हवं. तरी तो जमिनीपर्यंत पोचतो. आपण म्हणतो, त्याचं घड्याळ मंदावलं. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं घड्याळ ठीक आहे, ही सगळी हवाच काही शे मीटरची झाली आहे. "आत्ता तुझ्या डोक्यातून जातायत. कळतंय काही?" मला काही कळत नव्हतं.

घरात खिडकी नसलेली खोली एकच, देवघराची. स्पिरिट पेटेल म्हणून ताईने समई विझवून बाहेर ठेवली. मी पेटीसमोर फोन उभा करून चित्रीकरण सुरू केलं. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, ही आमच्या कामाची रीत. मी तिला म्हणालो, "तू दिसेल ते सांग. मी मध्ये बोलणार नाही." आणि मी बोललो नाही.

खोलीतला दिवा बंद करून मी टॉर्च आडवा धरला होता. पंधराएक मिनिटांनी पत्र्यावर धुकं जमलं. मग रेघा येऊ लागल्या. पांढऱ्या, बारीक, सरळ. आवाज नाही. एकेक रेघ नीट पाहायच्या आत विरायची.

"आली," ताई म्हणाली. "डावीकडून. लांब." मी तीच पाहत होतो. "ही आखूड, जाड. ही आपली नाही, भिंतीतल्या रेडॉन वायूची असणार." तीही मी पाहिली. असं बराच वेळ चाललं. तिचा आवाज वर्गात शिकवतानाचा होता.

मग ती म्हणाली, "थांबल्या." थोड्या वेळाने म्हणाली, "दिवा लाव."

मी दिवा लावला.

"लाव ना रे."

"ताई, लागलाय."

तिने हात पुढे केला. तो काचेला लागला, तेव्हा ती दचकली.

"धुकं जमलं तेव्हाच काळं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं, तू टॉर्च बंद केलास."

"मग तू सांगत होतीस ते?"

"दिसत होतं, तेच सांगत होते."

"टॉर्च बंद असताना?"

"मला वाटलं, त्यांना टॉर्च लागत नसेल."

डॉक्टरांनी डोळ्याच्या आत रक्तस्राव झाल्याचं सांगितलं. तो किती वाजता झाला, हे तपासणीतून कळत नाही. डोळ्याचा पडदा ताणला गेला की अंधारातही उजेडाच्या रेघा दिसतात, असं ते म्हणाले. डावं-उजवं जुळण्याबद्दल त्यांना काही सांगता आलं नाही. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. नजर परतली नाही.

चित्रीकरण मी ऑफिसात दोन सहकाऱ्यांना दिलं. एकाने आवाज बंद करून फक्त पेटी पाहिली, दुसऱ्याने फोनचा पडदा झाकून फक्त ताईला ऐकलं. रेघा इतक्या वरचेवर येतात, की काही शब्द आपोआप जुळणारच, हे आम्ही धरून चाललो होतो. दोघांची टिपणं शेजारी ठेवली. ताईने सांगितलेल्या प्रत्येक रेघेची बाजू जुळत होती.

"थांबल्या" या शब्दानंतर दिवा लागेपर्यंत पेटीत एकही रेघ नाही. टॉर्च चालू आहे आणि धुकं तसंच आहे.